मोटारींचा छंद आणि लेखणीचें इमान

मोटारगाड्यांविषयीं लिहून एखाद्यानें सारा जन्म काढला, असें सांगितलें तर आमच्याकडील पुष्कळ वडील मंडळींस तें खरें वाटणार नाहीं. गाडी ही बसण्याची वस्तु. तिच्यावर लिहावयाचें तें काय, असें ते विचारतील. उलट, वर्गांतील एखादा विद्यार्थी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचें नांव नुसत्या आवाजावरून सांगेल, आणि असाहि धंदा जगांत आहे हें ऐकून त्याचे डोळे चमकतील. आमचें मत या दोन्ही पक्षांहून थोडें निराळें आहे. हा धंदा मानाचा आहे आणि त्यांत पडणाऱ्यास छंद हवाच. परंतु ज्या छंदामुळें माणूस या धंद्यास लायक होतो, तोच छंद त्याच्या लेखणीस एखादे दिवशीं दगा देतो, असें आम्हांस वाटतें. हें म्हणणें आम्ही एका इंग्रज गृहस्थांच्या चरित्रावरून मांडणार आहों.

डेनिस जेन्किन्सन यांचा जन्म १९२० सालीं झाला व १९९६ सालीं ते वारले. दुसऱ्या महायुद्धांत शस्त्र हातीं धरण्यास त्यांनीं सदसद्विवेकबुद्धीस स्मरून नकार दिला आणि तीं वर्षें फार्नबरो येथील विमानविषयक संशोधनसंस्थेंत काम करून काढलीं. तेथेंच ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक बिल बॉडी यांच्याशीं त्यांची गांठ पडली. (या बॉडीसाहेबांनीं तें मासिक १९३६ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षें, संपादिलें. आमच्या वार्षिकाचा संपादक दुसऱ्याच वर्षीं थकतो!) युद्ध संपल्यावर जेन्किन्सन मोटारसायकलींच्या शर्यतींत उतरले. एरिक ऑलिव्हर यांच्या मोटारसायकलीस जोडलेल्या साइडकारमध्यें बसून त्यांनीं १९४९ सालच्या जागतिक अजिंक्यपदांत वांटा मिळविला. बसून म्हणणें बरोबर नाहीं. प्रत्येक वळणावर अंग बाहेर झोंकून गाडीचा तोल सांभाळणें हें त्या जागेवरील माणसाचें काम असतें.

पुढें ‘मोटर स्पोर्ट’नें त्यांस युरोप खंडांतील आपला बातमीदार नेमलें. उन्हाळाभर एका शर्यतीहून दुसरीस आपल्याच गाडीनें जावें, पाहावें आणि लिहून धाडावें, असा त्यांचा क्रम. ठेंगणी मूर्ति, छातीवर रुळणारी दाढी, आणि लेखाखालीं ‘डी. एस. जे.’ एवढीं तीनच अक्षरें. हॅम्पशायरमधील त्यांच्या घरीं वीज घेतलेली नव्हती. मात्र मोटारींचे व मोटारसायकलींचे सुटे भाग हवे तितके होते. पैशाकरितां मनुष्य असें राहत नाहीं.

१ मे १९५५ या दिवसानें त्यांचें नांव कायमचें केलें. इटलींत त्या काळीं ‘मिल्ले मिल्या’ नांवाची शर्यत होत असे. ब्रेशिया येथून निघून रोमपर्यंत जावयाचें व परत ब्रेशियास यावयाचें. अंतर सुमारें १,५९७ किलोमीटर, आणि सर्व रस्ता गांवांमधून व घाटांमधून जाणारा नेहमींचा वाहता रस्ता. सराव करून गांवचा रस्ता ज्यांस तोंडपाठ झाला होता अशा इटालियन गड्यांपुढें परक्यानें टिकावें कसें? स्टर्लिंग मॉस व जेन्किन्सन यांनीं यावर एक उपाय काढला. शर्यतीपूर्वीं त्यांनीं त्या रस्त्यावरून अनेक वेळां गाडी नेली आणि प्रत्येक वळण, चढ, पूल व खड्डा जेन्किन्सन यांनीं टिपून घेतला. मग ती सर्व टिपणें सुमारें अठरा फूट लांबीच्या कागदी पट्टीवर उतरून ती एका ॲल्युमिनियमच्या डबींत दोन रुळांवर गुंडाळली. डबीस लहानशी खिडकी. रूळ फिरवीत जावें, तसतसा पुढील रस्ता खिडकींत दिसे. इंजिनाच्या आवाजांत बोलणें ऐकूं येणें शक्य नव्हतें, म्हणून हाताच्या खुणा ठरविल्या.

सकाळीं ७ वाजून २२ मिनिटांनीं त्यांची मर्सिडीझ ३०० एस. एल. आर. सुटली, म्हणून गाडीचा क्रमांकहि ७२२. पुढें चढाचा माथा आहे, त्यापलीकडचें कांहीं दिसत नाहीं, आणि शेजारचा लेखक हातानें सांगतो कीं रस्ता सरळ आहे, वेग कमी करूं नको. अशा वेळीं चालविणाऱ्यानें पाय न उचलणें म्हणजे लेखकाच्या एका ओळीवर दोघांचा जीव ठेवणें होय. मॉस यांनीं तो ठेवला. दहा तास, सात मिनिटें व ४८ सेकंदांत त्यांनीं शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशीं १५७ किलोमीटरांहून अधिक पडला. दुसरे आलेले फान्जियो अर्ध्या तासाहून अधिक मागें होते. वाटेंत जेन्किन्सन यांस ओकारी झाली. त्यांनीं बाहेर मान काढली, तों वाऱ्यानें चष्मा उडविला. जवळ दुसरा चष्मा होता म्हणून निभावलें. जूनच्या अंकांत त्यांनीं शर्यतीची हकीकत लिहिली, ती मोटारींवरील लेखनाचा नमुना म्हणून आजहि वाचली जाते. आमच्या मतें तिचें बळ अलंकारांत नाहीं. जें पाहिलें व केलें तें त्या माणसानें क्रमानें सांगितलें, एवढेंच.

आतां धंद्याची दुसरी बाजू पाहूं. मोटारींवर लिहिणाऱ्यास गाडी देतो कोण? गाडीचा कारखानदार. प्रवासाचा व जेवणाचा खर्च पुष्कळदां करतो तोच, आणि मासिकाचीं पानें ज्या जाहिरातींवर चालतात त्याहि त्याच्याच. अशा स्थितींत खरें लिहिण्यास छाती लागते. ऑक्टोबर १९९७ मध्यें स्वीडनमधील ‘टेक्निकेन्स वेर्ल्ड’ या मासिकाचे लेखक रॉबर्ट कॉलिन यांनीं मर्सिडीझची नवी लहान ए-क्लास गाडी एका परीक्षेस लावली. रस्त्यांत अकस्मात् मोठें जनावर आडवें आलें असें समजून गाडी झटकन् डावीकडे व पुन्हां उजवीकडे वळवावयाची, अशी ती परीक्षा. गाडी उलटली. कारखानदारानें प्रथम हा दोष फारसा मनावर घेतला नाहीं. पण बोभाटा वाढल्यावर विक्री थांबविली, आणि तोंवर बहुधा मोठ्या व महाग गाड्यांसच मिळणारें घसरण आंवरण्याचें विद्युत्-यंत्र या लहान गाडीस सरसकट बसविलें. हप्ते फेडून गाडी घेणाऱ्या सामान्य कुटुंबाचा किती लाभ एका लेखकानें केला, हें निराळें सांगावयास नको.

जेन्किन्सन यांच्या लेखणीस कोणाची जाहिरात विकत घेऊं शकली नसती, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि ती एका ठिकाणीं बांधलेली होतीच. मिल्ले मिल्याच्या विजयानंतर सहाच आठवड्यांनीं, ११ जून १९५५ रोजीं, त्याच जातीची दुसरी गाडी ल मान्स येथें प्रेक्षकांवर जाऊन आदळली व ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. १९५७ सालीं मिल्ले मिल्यांतच, ग्विदित्सोलो गांवाजवळ, एका गाडीनें चालक व त्याचा सोबती यांसह नऊ बघ्यांचा प्राण घेतला. त्यांत पांच मुलें होतीं. ती शर्यत तेथेंच संपली. १९६६ सालीं बेल्जियममधील स्पा येथें जॅकी स्ट्युअर्ट यांची गाडी पावसांत रस्ता सोडून गेली. तेलानें भिजलेल्या अवस्थेंत ते सुमारें पंचवीस मिनिटें आंत अडकून होते. त्यांस सोडविण्यास कोणी अधिकारी आला नाहीं. जवळच घसरलेल्या दोघां प्रतिस्पर्ध्यांनीं एका बघ्याकडून पाने उसने आणून त्यांची सुटका केली. तेव्हांपासून स्ट्युअर्ट यांनीं कठडे, वैद्य, आग विझविणारी माणसें व पट्टे यांकरितां चळवळ मांडली. या चळवळीवर कडवट लेख लिहिणाऱ्यांत जेन्किन्सन पुढें होते! शर्यत ही धोक्याचीच असावयाची. ज्यास धोका नको त्यानें घरीं बसावें, असा त्यांचा रोख.

कोणी म्हणेल, त्यांनीं स्वतःचा जीव पणास लावला होता, तेव्हां असें बोलण्याचा अधिकार त्यांस होता. आम्हांस हें मान्य नाहीं. स्वतःचा जीव पणास लावणारास स्वतःपुरताच अधिकार मिळतो. ग्विदित्सोलोच्या मुलांनीं कांहीं पणास लावलें नव्हतें. जेन्किन्सन यांस स्पाचा जुना रस्ता फार प्रिय होता, यांत नवल नाहीं. जो मनुष्य साइडकारमधून वळणावळणांस अंग घासून आला, त्यास तो रस्ता रेखीव शिल्पासारखा वाटला असेल. परंतु कारखानदाराची भीड जितकी वाईट, तितकीच आपल्या आवडीची भीडहि वाईट. आणि दुसरी ओळखण्यास अधिक कठीण, कारण ती आंतून येते व प्रामाणिकपणाचा वेष घेऊन येते. सर्व जन्म निर्लोभपणें लिहिणाऱ्या माणसाची या एका बाबतींत चूक झाली, आणि स्ट्युअर्ट यांचें खरें होतें, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. असें म्हणूनहि जेन्किन्सन यांचें लेखन आम्ही पुन्हां पुन्हां वाचतों, हेंहि लपवीत नाहीं.

स्पा येथील सुमारें चौदा किलोमीटरांच्या जुन्या वाटेवर ही मोठी शर्यत १९७० नंतर झाली नाहीं. १९८३ सालीं ती परत आली, ती निम्म्या लांबीच्या, कठडे बांधलेल्या वाटेवर. तोंवर स्ट्युअर्ट तीन वेळां जगज्जेते होऊन, १९७३ सालीं निवृत्त होऊन, सुखरूप घरीं बसले होते. जुन्या वाटेचा उरलेला भाग आज साधा गांवरस्ता आहे.