आकडा लाखाचा, प्रतिनिधित्व कोणाचे?

मोबाईल फोन आणि मनगटावरचे घड्याळ यांच्या आधारे माणसाचे आरोग्य मोजण्याचे एक नवे शास्त्र गेल्या दहा-बारा वर्षांत उभे राहिले आहे. माणूस किती पावले चालतो, किती तास झोपतो, हृदयाचे ठोके किती पडतात, याची नोंद यंत्र आपोआप घेते. आता अशा निरनिराळ्या अभ्यासांची माहिती एकत्र जोडावी, हजारांचे लाख करावेत आणि त्यातून आजारांची कारणे शोधावीत, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. हेतू चांगलाच आहे. विज्ञानाकडे पाठ फिरवणे ही आमची भूमिका कधीच नव्हती. परंतु न्यायालयात पुरावा पुढे आला की आम्ही वकील आधी विचारतो, साक्षीला कोण आले आणि कोणाला बोलावलेच नाही? तोच प्रश्न इथेही विचारला पाहिजे.

ही जोडणी सोपी नाही. एका अभ्यासात यंत्र मनगटावर असते, तर दुसऱ्यात फोन खिशात. फोन घरी ठेवून दिवसभर निंदणी करणारी बाई फोनच्या हिशेबी बसूनच असते! एका कंपनीची 'झोप' आणि दुसरीची 'झोप' वेगळ्या सूत्राने काढलेली असते आणि ते सूत्र बहुधा गुपित असते. घड्याळ काढून ठेवले तर माणूस आजारी पडला की कंटाळला, हे नोंदीवरून कळत नाही. म्हणून जोडण्यापूर्वी मापे सारखी करावी लागतात. हे काम तंत्रज्ञ करतील. खरा प्रश्न त्यापुढचा आहे.

२०२० साली 'एनपीजे डिजिटल मेडिसिन' या नियतकालिकात अमेरिकेतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. दमा, हृदयरोग, कंपवात, नैराश्य अशा विषयांवर २०१४ ते २०१९ या काळात फोनवरून झालेल्या आठ अभ्यासांची माहिती तिच्यात एकत्र केली होती. सहभागी एक लाखाहून अधिक. जोडल्यावर काय दिसले? निम्म्या लोकांचा सहभाग साडेपाच दिवसांतच संपला होता. डॉक्टरांनी पाठवलेले लोक जास्त टिकले, मोबदला मिळालेले जास्त टिकले. आणि वंश व प्रदेश पाहता हा लाखाचा समूह अमेरिकेच्या जनतेचे प्रतिबिंब नव्हता. एकेका अभ्यासात जे झाकून राहिले असते, ते जोडणीमुळे उघडे पडले. म्हणून जोडणी हवीच. मात्र संख्या वाढली म्हणजे प्रतिनिधित्व वाढले असे होत नाही. आठ एकांगी अभ्यास जोडले तर एक मोठा एकांगी अभ्यास तयार होतो, एवढेच!

ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'चेही तेच. नव्वद लाखांहून अधिक लोकांना निमंत्रणे गेली, आले सुमारे साडेपाच टक्के. जे आले ते सर्वसाधारण जनतेपेक्षा सुस्थितीतले आणि कमी धूम्रपान करणारे. त्यांच्यातल्याच सुमारे एक लाख लोकांच्या मनगटावर २०१३ ते २०१५ दरम्यान आठवडाभर हालचाल मोजणारे यंत्र बांधले गेले.

मोजमापात अशी कसर राहिली तर तिची किंमत कोण मोजतो? बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे उदाहरण ताजे आहे. रक्तातला प्राणवायू धोकादायक पातळीखाली असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, ही चूक कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा झाली, असे २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापले. तेही कोरोनाच्या वर्षात!

आता आपल्याकडे पाहा. सुखवस्तू माणूस हौसेने घड्याळ बांधून पावले मोजतो. नागपूर, चंदिगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावरही घड्याळे बांधली गेली, ती जीपीएसची. ती त्यांचे आरोग्य मोजण्यासाठी नव्हती, कामगार कुठे आहे हे पाहण्यासाठी होती. एकाला घड्याळ आरोग्याचा सल्ला देते, दुसऱ्यावर पहारा ठेवते. आणि उद्या अशा नोंदी 'संशोधना'साठी दुसऱ्या माहितीत मिसळल्या तर?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये मात्र संशोधन व सांख्यिकी कामासाठी सूट आहे. त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे, एवढ्या अटी त्यात आहेत. पण निर्णय एका कामगाराविरुद्ध न होता साऱ्या वस्तीविरुद्ध झाला, तिचा विमा महागला किंवा दवाखाना दुसरीकडे गेला, तर दाद कुठे मागायची?

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रतिनिधित्वाचाच प्रश्न मांडला होता. आज तो माहितीच्या कोठारातही मांडावा लागेल. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. माहिती जोडणाऱ्या प्रत्येक संस्थेने कोण आले यासोबत कोण सुटले, कोण गळाले हेही जाहीर करावे. गरिबाला यंत्र, रिचार्ज आणि वेळेचा मोबदला द्यावा. एका अभ्यासाची संमती दुसऱ्याला आपोआप लागू करू नये. ती माणसाच्या भाषेत पुन्हा घ्यावी. मालकाने बांधलेल्या घड्याळाची माहिती कामगाराच्या संमतीशिवाय कोणत्याही संशोधनात जाऊ नये. आणि जातीची नोंद स्वेच्छेने, सुरक्षितपणे घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जात विचारते, म्हणूनच कोणत्या समाजाची मुले खुरटली हे सांगता येते. जात न विचारणारे यंत्र निःपक्षपाती ठरत नाही, ते फक्त विषमता लपवते.

वस्तीत कोणी फुकट घड्याळ किंवा ॲप घेऊन आले तर कार्यकर्त्यांनी त्याला हाकलू नये. त्याच्यासमोर बसावे, संमतीपत्र मोठ्याने वाचून घ्यावे आणि विचारावे, ही माहिती उद्या कोणाच्या माहितीला जोडणार? उत्तर लेखी मिळाल्याशिवाय अंगठा उमटवू नये.