दुःखाच्या घरीं हजेरी

आमच्या मुरबाड तालुक्यांतील धसई गांवाचें नांव डिसेंबर 2016 मध्यें देशभर गाजलें. नोटाबंदीच्या त्या दिवसांत दुकानांतून कार्डाचीं यंत्रें बसलीं आणि धसई हें महाराष्ट्रांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून जाहीर झालें. घरबसल्या पैसा पोंचविण्याची सोय चांगलीच. पण वाचकहो, या सोयीमागून एक वाईट संवयही घरांत शिरली आहे. शेजारीं कोणी अंथरुणाला खिळलें, कोणाचा कर्ता मुलगा गेला, तर आपण मोबाइलवरून 500 रुपये व हात जोडल्याचें चित्र धाडतों, आणि शेजारधर्म झाला असें समजतों!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आवणीला शेजारी आपल्या शेतांत उतरला नाहीं, तर तें आपण वर्षभर विसरत नाहीं. मग दुःखाच्या दिवशीं आपण त्याच्या ओटीवर गेलों नाहीं, याचा हिशेब कोणीं ठेवावा?

कोणी म्हणतील, "आम्ही अडाणी माणसें. आम्हांला ना औषध ठाऊक, ना दोन शब्द नीट बोलतां येत. जाऊन करणार काय?" याचें उत्तर सावित्रीबाई फुले यांनीं देऊन ठेवलें आहे. 1897 सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला. भयानें लोक घरेंदारें सोडून पळत होते. सावित्रीबाई त्या वेळीं 66 वर्षांच्या. त्या कांहीं डॉक्टर नव्हत्या. औषधपाणी त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव करीत. पण मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत आल्या. त्यांतच त्यांना प्लेग झाला व 10 मार्च 1897 रोजीं त्या गेल्या.

आणि हे यशवंतराव कोण? जोतीराव व सावित्रीबाईंनीं 1863 सालीं विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. तेथें आलेल्या एका विधवेचा हा मुलगा. त्याला या दांपत्यानें पोटचा म्हणून वाढविलें. जिच्याजवळ उभें राहावयास कोणी तयार नव्हतें, तिच्याजवळ दोन माणसें उभीं राहिलीं. तिचेंच बाळ पुढें प्लेगच्या रोग्यांचें डॉक्टर झालें.

सोबत म्हणजे नुसती माया नव्हे, ती गरिबाची ताकद आहे. कचेरींत एकट्या गेलेल्या बाईला "उद्यां ये" म्हणून वाटेला लावतात. तिच्याजवळ दुसरें माणूस असलें कीं तोच कारकून "बसा" म्हणतो. शाळेंतही आम्हां मास्तरांचें पहिलें काम हजेरीचें. मूलच हजर नसेल, तर पुढचें शिकविणें फुकट!

म्हणून सांगणें इतकेंच. दहाव्या-तेराव्याला गर्दी होते, मग घर ओस पडतें; तुम्ही पंधराव्या दिवशीं जा. उपदेश करूं नका. तांदूळ निवडा, गुरांना पाणी दाखवा, पोरांना शाळेंत पोंचवा. रोग्याला कल्याणला न्यावें लागलें, तर उशाशीं बसण्याच्या पाळ्या आळींत वांटून घ्या. पैसे जरूर द्या, पण ते घेऊन स्वतः जा. विधवेच्या, कातकऱ्याच्या, कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याच्या दारीं तर आधीं जा. कारण तेथें सहसा कोणी जात नाहीं. याला मुहूर्त लागत नाहीं, बोलावणेंही लागत नाहीं.