सोबत्याच्या बैठकीला जाताना

बडोद्याजवळच्या बाजवा, रणोली, छाणी, कोयली या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना ही विनंती. पल्टनीतला सोबती गेल्याची बातमी हल्ली व्हॉट्सॲपवर येते. आपण हात जोडल्याचं चिन्ह टाकतो, खाली आणखी चाळीस जण टाकतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक येतो. बातमी राजस्थानात मारवाडातल्या एखाद्या लहानशा गावाची असली तर जाण्याचा विषयच निघत नाही. लांब आहे, ऊन आहे, तिथे आपल्याला कोण ओळखतं? माझं म्हणणं एवढंच, की जा.

बडोद्याहून ते काही फार अवघड नाही. बाजव्याला लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या थांबत नाहीत, तेव्हा बडोद्याला जाऊन बसावं. सूर्यनगरी एक्स्प्रेस अहमदाबाद, आबू रोड, मारवाड जंक्शन करत जोधपूरला पोचवते. फलोदी किंवा पोकरणला जायचं तर तिथून जैसलमेरच्या लाईनची गाडी. उन्हाळ्यात मात्र वयाचा विचार करा. फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. साठी ओलांडलेल्याने अशा दिवसांत एकट्याने जाऊ नये, मुलाला किंवा पुतण्याला बरोबर घ्यावं. त्या मुलालाही कळेल, बाबा पंचवीस वर्षं कुणाबरोबर राहिले.

याच फलोदीजवळच्या बाणासर गावचे मेजर शैतान सिंह. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये रेझांग ला इथे, सोळा हजार फुटांहून उंच जागी, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी घेऊन ते चिनी फौजेशी लढले. सुमारे १२० जणांपैकी ११४ जण तिथेच राहिले. बहुतेक जवान हरयाणाचे अहीर होते, आणि त्यांचा मेजर वाळवंटातला. जे मूठभर परत आले त्यांनी काय घडलं ते सांगितलं, पण लोकांचा पटकन विश्वास बसेना. पुढे १९६३ साली, बर्फ कमी झाल्यावर, बंदुका हातात असलेले देह खंदकांत सापडले तेव्हा त्यांच्या बोलण्याची खात्री पटली. मेजरसाहेबांचा देह जोधपूरला आणला, लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पण शेवटच्या घटकेला जखमी मेजर काय बोलले, कुणाला मागे फिरायला सांगितलं, हे पदकाच्या कागदावर आलं तेही आपोआप नाही. ते बरोबरच्या शिपायांनी सांगितलं म्हणून कळलं.

आपल्याकडे साताऱ्याच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. आकडा गावातलं पोरही सांगेल. त्यातला कोण हसरा होता, कोण रात्री घोरायचा, हे सांगणारं आज कुणी नाही. तुमचा सोबती युद्धात गेला असेल किंवा निवृत्तीनंतर हृदयविकाराने, त्याच्या घरच्यांना त्याची नोकरीतली वर्षं फक्त सुट्टीतून माहीत असतात. बाकीचं तुमच्याकडे आहे.

तिथे वागावं कसं? मारवाडात बारा दिवस बैठक असते. सतरंजीवर पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. 'राम राम सा' म्हणून खाली बसा आणि थोडा वेळ गप्प राहा. बाराव्याला थोरल्या मुलाला पागोटं बांधतात, त्याला हजर राहता आलं तर उत्तम. काही ठिकाणी अजूनही अफू पुढे करतात. हात जोडून नको म्हणा, कुणी रागावत नाही. तेराव्याच्या मोठ्या जेवणावळीवर, म्हणजे मृत्युभोजावर, राजस्थानात १९६० पासून कायद्याने बंदी आहे. तेव्हा पंगतीचा आग्रह झाला तर चहावर भागवा. श्रद्धांजली सभा असेल तर कोटावर आपली पदकं लावून जा, डाव्या बाजूला. भाषण करायची वेळ आली तर देश, बलिदान वगैरे शब्द पुढाऱ्यांसाठी सोडा. त्याचं नाव घेऊन एक प्रसंग सांगा, आणि आपल्या फौजी हिंदीत सांगा. आपण दोघं-तिघं मराठी असलो की कोपऱ्यात मराठी सुरू होते, ती तेवढ्यापुरती आवरावी.

जुना फोटो असला तर छापून न्या. मोबाइलवर दाखवून परत खिशात घालू नका. मागे साल, ठिकाण आणि सगळ्यांची नावं लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला तो फक्त गणवेशातल्या माणसांचा घोळका दिसेल.

आता कागदांचं. हे बैठकीत काढायचं नसतं, पण निघण्याआधी मुलाला बाजूला घेऊन विचारायचंच. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायला मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि डिस्चार्ज बुक लागतं. पीपीओत पत्नीचं नाव आहे का? आधारवर 'कंवर', फौजेच्या कागदात 'देवी', असा फरक असला की काम महिनोन्‌महिने अडतं. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, कारण आपल्याकडेही 'बाई' आणि 'ताई'वरून हेच होतं. नोंद आता 'स्पर्श' या प्रणालीत होते. उपचारांसाठीचं ईसीएचएस कार्ड आणि कॅन्टीनचं कार्ड वहिनींना मिळू शकतं, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसतं. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तोही कुणी सांगत नाही. या कामासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि तिथे पैसे लागत नाहीत. 'मी करून देतो, इतके द्या' म्हणणारा भेटला असेल तर मुलाला तिथल्या तिथे सावध करा.

ज्यांचे गुडघे आता ऐकत नाहीत त्यांनी फोन करावा, पण पहिल्या आठवड्यात नको. तेव्हा घर भरलेलं असतं. दोन महिन्यांनी करा, पेन्शन सुरू झाली का ते विचारा, आणि नाही म्हणाले तर कुठला कागद अडलाय तो लिहून घ्या.