१४२८५७ : चमत्कार नव्हे, भागाकार

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर दर दोन-चार महिन्यांनी १४२८५७ ही संख्या फिरून येते. २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. असे ६ पर्यंत चालू ठेवा, तेच सहा अंक त्याच क्रमाने गोल फिरतात. ७ ने गुणले की ९९९९९९. इथवर ठीक. पण शेवटी "दैवी संख्या, दहा जणांना पाठवा" असे असते आणि माझे तिथे बिनसते.

अहो, १ ला ७ ने भागून पाहा की! बाक्या येतात ३, २, ६, ४, ५ आणि मग पुन्हा १. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या संभवतात, इथे सहाही हजेरी लावतात. १ परत आली की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर, म्हणून ०.१४२८५७१४२८५७... २ ला ७ ने भागणे म्हणजे त्याच गाडीत बाकी २ च्या स्टेशनावर चढणे : २, ८, ५, ७, १, ४. संपले दैवी गूढ. दशांश अपूर्णांक शिकलेल्या मुलाला हे फळ्यावर दहा मिनिटांत समजते, आणि समजल्यावर त्याचा चेहरा बघावा. तो आनंद 'फॉरवर्ड' करता येत नाही.

१३ ला ही मजा नाही, तिथे सहा अंकांतच चक्र मिटते. १७ ला मात्र पूर्ण सोळा अंकांचे. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजतागायत कुणाला सिद्ध करता आलेले नाही. नवल वाटून घ्यायचे तर याचे घ्या.

आपल्या देवळालीचे द. रा. कापरेकर शाळामास्तरच होते. १९८६ साली गेले. असल्या संख्यांशी खेळणे म्हणजे पोरखेळ, असे म्हणणारे त्यांना इथेच भेटले. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले तेव्हा जगाला नाव कळले. आमच्या व्यवसायातल्या माणसाची ही उपेक्षा मला अजून टोचते. १४२८५७ ही 'कापरेकर संख्या'सुद्धा आहे. वर्ग करा : २०४०८१२२४४९. तोडून बेरीज करा, २०४०८ + १२२४४९, पुन्हा १४२८५७!

हे का होते ते मी सांगणार नाही. नातवंडांनो, १४२८५६ ला ७ ने भागा आणि काय येते ते पाहून पुढे चला.