पड बिनधास्त!

डोळे मिटायचे, हात छातीवर घट्ट बांधायचे आणि चार फूट उंच फळीवरून मागच्या मागे... सरळ पडायचं! खाली टीममेट्स झेलणार. ‘ट्रस्ट फॉल’ म्हणतात याला. ऑफिसच्या ऑफसाइटला तुम्हीही केला असेल. नसेल, तर निदान बॉसला पडताना बघायची इच्छा तरी झाली असेल. खरं सांगा!

मी मात्र हे पाडायचं काम चक्क पगार घेऊन केलंय. 2017 साली मी अमेरिकेत मास्टर्स करत होते. स्टुडंट व्हिसा म्हणजे सेमिस्टरमध्ये आठवड्याला फार तर 20 तास काम, तेही कॅम्पसवरच. डायनिंग हॉलमध्ये ताटल्या विसळायच्या की ज्युनियर मुलांच्या लीडरशिप प्रोग्रॅममध्ये टीम गेम्स घ्यायचे? हा काय प्रश्न झाला?

तसा हा फंडा मूळचा कॉर्पोरेट नाहीच. महायुद्ध चालू असताना, 1941 मध्ये, कुर्ट हान या जर्मनीतून ब्रिटनला आलेल्या शिक्षणतज्ज्ञाने वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही गावात ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू केलं. जहाज बुडालं तरी तरुण खलाशांनी हिंमत हरू नये, हा हेतू. पुढे 1971 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका हायस्कूलमध्ये ‘प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर’ने असले प्रकार शाळेच्या वेळापत्रकात बसवले. मग कॉलेजं, मग कंपन्या आणि मग आपलं लोणावळा!

मला आधी दोन दिवस ट्रेनिंग मिळालं. खिशातली पेनं, घड्याळं, चष्मे काढून ठेवायचे. झेलणाऱ्यांच्या समोरासमोर दोन रांगा, तळवे वर, हात चेनच्या दातांसारखे एकाआड एक. पडणारा विचारणार, ‘रेडी?’ सगळे ओरडणार, ‘रेडी!’ मगच पडायचं. हे सगळं मी पाठ केलं. भिंतीवर आणखी एक नियम लिहिला होता, ‘चॅलेंज बाय चॉइस’. म्हणजे करायचं की नाही, किती करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तो मी वाचला आणि सोडून दिला.

तिसऱ्या शनिवारी 12 जणांचा ग्रुप आला. अकरा जण पडून झाले. बारावी मुलगी फळीवर चढली, मागे वळून खाली बघितलं आणि म्हणाली, ‘मला नको.’

मी काय करावं? दहीहंडीला गोविंदाला ओरडावं तशी ओरडले, ‘कम ऑन, यू कॅन डू इट!’ बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. पाच मिनिटं हेच. शेवटी ती पडली. आम्ही अलगद झेललं. हाय-फाइव्ह, फोटो, आरडाओरडा... मी जाम खूश.

खेळ संपला की गोल करून बोलायचं असतं, ‘डीब्रीफ’. काय झालं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय, असे तीन प्रश्न. तिची पाळी आली. शांतपणे म्हणाली, ‘मी विश्वास होता म्हणून नाही पडले. अकरा जण टाळ्या वाजवत होते, म्हणून पडले.’

सगळे चिडीचूप. मग एक मुलगा म्हणाला, ‘मलाही नको होतं. पण पहिले दोघं पडले होते ना...’ हळूहळू आणखी तिघांनी हात वर केले. आणि मी समजत होते, आज टीम तयार झाली!

सगळे गेल्यावर माझी सुपरवायझर दोर गुंडाळत होती. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, ‘ती नको म्हणाली, तेव्हा तू कशाला घाबरलीस?’ उत्तर लाजिरवाणं होतं. माझा गेम फसेल याला.

दोन आठवड्यांनी तोच ग्रुप परत आला. या वेळी मी आधीच सांगितलं, ‘पडायचं नसेल तर झेला, नाहीतर रांगेवर नजर ठेवा. तेही टीमचंच काम.’ नजर ठेवायचं काम तिने मागून घेतलं. एकजण फळीवर तयार उभा, आणि ही जोरात ओरडली, ‘थांबा!’ रांगेतले दोघं हसता हसता हात खाली घेऊन बसले होते. माझं लक्षच नव्हतं. तिचं होतं.

आता मी पुण्यात टीम लीड आहे. मीटिंगमध्ये ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ म्हटलं की सगळ्या माना डोलतात, तेव्हा मला ती फळी आठवते. मग मी प्रश्न बदलते, ‘कोणाला वाटतंय की नाही होणार?’ आणि दहा सेकंद गप्प बसते. फार लांब वाटतात हो ती दहा सेकंदं! पण सातव्या-आठव्या सेकंदाला कोणीतरी घसा खाकरतंच.

येत्या सोमवारी करून बघा. आणि हो, टाळ्या वाजवू नका!