मूळ संख्या शंभरापाशीच का थांबतात?

जबलपुरात राइट टाउनमध्ये मी आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. घरात मराठी, शिकवणीत हिंदी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली, तेव्हा जो तो तिचे अंकच मोजून दाखवत होता: ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. एका पोराने मात्र नेमकं विचारलं, "मैम, पता कैसे चला?"

शाळेत आपण शंभरपर्यंतची चाळणी शिकवतो आणि पुढे 'भागून बघा' म्हणून मोकळे होतो. ही संख्या भागून बघायला बसलं तर जन्म पुरणार नाहीत. ती आहे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे १. अशा संख्यांसाठी लुकास-लेमर कसोटी आहे. ल्यूक ड्युरंट यांच्या या शोधावर शिक्कामोर्तब तिनेच झालं. आणि ती आठवीच्या वहीत मावते.

१२७ घ्या, म्हणजे २ चा सातवा घात उणे १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच पायऱ्या. १४, ६७, ४२, १११ आणि मग शून्य. शून्य आलं की संख्या मूळ. १११ चा वर्ग उणे २ म्हणजे १२,३१९, त्याला १२७ ने बरोबर ९७ चा भाग जातो. मुलं हा भागाकार पुन्हा करून बघतात, विश्वासच बसत नाही.

मग मी २०४७ देते. ११ मूळ, तेव्हा २ चा अकरावा घात उणे १ हीसुद्धा मूळच असणार, असं सगळी छातीठोकपणे सांगतात. नऊ पायऱ्यांनंतर उरतात १७३६. मूळ नाही! अवयव कोणते, हे मात्र कसोटी सांगत नाही. २३ आणि ८९ हुडकायचे ते वेगळ्या कष्टाने. संख्या फुटते हे कळणं सोपं, कशी फुटते हे काढणं अवघड. आरएसए ही कूटपद्धत याच तफावतीवर उभी आहे. पण म्हणून विक्रमी संख्येमुळे बँका सुरक्षित होतात असं सांगणं ही थाप आहे. तिथे लागतात काहीशे अंकी मूळ संख्या, त्याही गुप्त. जगजाहीर संख्येचं कुलूप कोण लावेल?

कोणत्याही संख्येला चालणारी, अंक वाढले तरी काम आवाक्यात राहील अशी हमी देणारी अचूक कसोटी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. प्रत्यक्षात ती संथ आहे, विक्रमांसाठी कुणी वापरत नाही. तरी ही गोष्ट आमच्या पोरांना ठाऊक असायला हवी.

अभ्यासक्रम आधीच गच्च आहे, असं शिक्षक म्हणतील. पण वर्ग आणि भागाकार तर ते घोटून घेतातच ना? मध्य प्रदेश असो की महाराष्ट्र, चाळणीच्या धड्यामागे लुकास-लेमर कसोटीचं एक पान जोडा. फक्त परीक्षेत त्यावर प्रश्न काढू नका.