चहावर फुंकर घालतो तसा

वॉर्डात पेशंटचे श्वास मोजायचे असले की नर्स त्याला तसं सांगत नाही. नाडी बघतेय असं भासवत मनगट धरायचं आणि नजर ठेवायची छातीवर. ‘श्वास मोजते हं’ म्हटलं, की माणसाचा श्वास लगेच बदलतो. तेहतीस वर्षं मी हे काम केलं. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो.

निवृत्तीनंतर सकाळी बागेत जाते. तिथला प्राणायामाचा वर्ग पाहून जीव खालीवर होतो. सतरंजीवर टेकल्या टेकल्या कपालभाती सुरू, तीही माइकवरून मोजतील त्या वेगाने. कुणाला बीपी आहे, कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, पण वेग सगळ्यांना एकच. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनींना गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या. बाजूच्या बाई म्हणाल्या, ‘‘शरीर शुद्ध होतंय, थांबू नका.’’ शुद्ध कसलं? जोरजोरात, भराभर श्वास टाकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर येते ती त्यामुळे.

ज्या परंपरेचं नाव घेऊन हे चालतं, ती मुळात इतकी उतावीळ नाही. हठप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात मोडतच नाही. धौती, नेती यांच्याबरोबर सहा शुद्धिक्रियांत तिची गणना आहे. त्या क्रियाही ज्यांच्या अंगात मेद आणि कफ जास्त, त्यांच्यासाठी. बाकीच्यांना त्यांची गरज नाही, असं तो ग्रंथच सांगतो. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम उभं केलं, योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस श्वासाला हातही लावायचा नसतो. नाकपुडीशी तो येतो-जातो, तेवढं बघायचं. इतकं सगळं घराजवळ असताना आपण पहिल्याच दिवशी भाता का चालवतो?

वर्ग घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नवीन माणूस आला की आधी बीपी, हृदयविकार, ऑपरेशन यांची चौकशी करा. महिनाभर फक्त सावकाश श्वास सोडायला शिकवा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून लांब सोडलेल्या श्वासाने मन निवतं.

वहिनींना मी दम्याच्या पेशंटना सांगायचे तेच सांगितलं. नाकाने घ्या, ओठांचा चंबू करा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा हळूहळू सोडा. घेताना मनात तीन अंक, सोडताना सहा. दम कोंडायचा नाही, जोर लावायचा नाही. पहिले दोन दिवस ‘‘यात काय होणार?’’ म्हणून त्यांची कुरकुर चालली होती.

काल बाकावर आम्ही दोघी गप्प बसलो होतो. नाडी बघते म्हणून मी त्यांचं मनगट हातात घेतलं. मिनिटाला अकरा.